बाजाराची बातमी आणि संस्थेचा कारभारी



बाजारभावाची बातमी ऐकत नाही, असा माणूस आज गावात शोधून सापडायचा नाही. कांदा एवढ्याने उतरला, व्याजाचा दर तेवढ्याने घटला, अमक्या मालावरचे शुल्क उठले. बातमी ऐकून आपण खूष होतो, नाहीतर चार शब्द पुटपुटतो आणि कामाला लागतो. एकट्या माणसाचे एवढ्याने भागते. पण ज्याच्या शब्दावर शंभर-दोनशे घरांचा माल थांबतो किंवा विकला जातो, त्याचे एवढ्याने भागत नाही. सोसायटीचा चेअरमन, शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक, दूध संस्थेचा सचिव, बचत गटाची अध्यक्षा, ही सारी कारभारी माणसे. त्यांनी आर्थिक बातमी कशी वाचावी आणि वाचून नेमके काय करावे, हे आज आपण पाहू. उदाहरण घेऊ सगळ्यांच्या ओळखीचे, कांद्याचे.

आधी काय काय घडले ते तारीखवार सांगतो. सवड असेल तर वहीत उतरून घ्या.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसवले. तेव्हा चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. मग सरकारने क्विंटलला २,४१० रुपये भावाने आणखी २ लाख टन कांदा खरेदी करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरा हुकूम आला : टनाला ८०० डॉलरपेक्षा कमी भावाने कांदा परदेशी पाठवायचा नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून तर निर्यातच बंद झाली. प्रथम ती ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, पुढे मुदत वाढली. मधल्या काळात काही देशांना ठराविक कांदा सरकारी परवानगीने गेला, तेवढाच. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क या अटींवर. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान भावाची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर, म्हणजे २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही उठले.

म्हणजे पाहा, वीस महिन्यांच्या आत सहा वेळा नियम बदलला. सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. शहरात कांदा महागला की मजुराच्या ताटापर्यंत त्याची झळ जाते, म्हणून माल देशात राहावा असा त्यांचा हिशोब. शेतकऱ्याचा हिशोब वेगळा : भाव पडला तेव्हा कोणी विचारले नाही, चढला की लगेच दार बंद! हा वाद मोठा आहे आणि तो योग्य जागी मांडलाच पाहिजे. पण वाद मिटेपर्यंत चाळीतला कांदा थांबत नाही. तो रोज सुकतो आणि रोज थोडा सडतो. कारभाऱ्याला निर्णय त्या आधी घ्यावा लागतो. हे सहा हुकूम समोर ठेवून त्याने काय शिकावे?

पहिली गोष्ट, बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

४ मे २०२४ चेच पाहा ना. ‘कांदा निर्यातबंदी उठली’ एवढे तीन शब्द ऐकून पुष्कळांनी मान डोलावली. पण खालच्या ओळीत अट होती. किमान भाव ५५० डॉलर, त्यावर ४० टक्के शुल्क म्हणजे २२० डॉलर. दोन्ही मिळून ७७० डॉलर. त्या वेळच्या दराने हे किलोला सुमारे ६४ रुपये झाले, आणि जहाजाचे भाडे निराळे. आता सांगा, परदेशच्या व्यापाऱ्याला शेजारच्या देशाचा कांदा याहून स्वस्त मिळत असेल, तर तो आपल्या दारी कशाला येईल? दार उघडले होते खरे, पण उंबरठा कमरेइतका उंच होता. ज्याने नुसता मथळा वाचला, त्याने सभासदांना सांगितले असेल, “थांबा, आता भाव चढणार.” ज्याने अट वाचली, त्याने आधी कागद-पेन्सिल काढली असेल.

म्हणून प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हुकूम कोणत्या तारखेपासून? कोणत्या मालाला? कोणत्या अटीवर? आणि किती दिवसांसाठी? ही चार उत्तरे हाती आल्याशिवाय सभासदांना सल्ला देऊ नये. उत्तरे मिळत नसतील तर बाजार समितीच्या कार्यालयात विचारावे, माल बाहेर पाठवणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या हातातले काय आणि हाताबाहेरचे काय, याची वाटणी करावी.

दिल्लीचा हुकूम आपल्या हातात नाही. पाऊस नाही. दुसऱ्या देशातले पीक नाही. मग हातात उरते काय? पुष्कळ उरते. कांदा पुरता वाळवून चाळीत घातला की ओलाच ढकलला, हे आपल्या हातात आहे. प्रतवारी केली, गोल्टी वेगळी काढली, जोड कांदा आणि डेंगळे बाजूला केले, की सगळा एकत्र गोणीत भरला, हेही आपल्याच हातात. गिऱ्हाईक एकच धरले की चार ठिकाणी ओळख ठेवली, हे तर सर्वस्वी आपल्या हातात. आणि माल किती दिवस ठेवायचा, हेसुद्धा.

ठेवायचा म्हणतो तेव्हा हिशोब करूनच म्हणावे. समजा, तुमच्याकडे १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे आणि काढणीच्या वेळी भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे. आज विकला तर १ लाख २० हजार रुपये येतात. पाच महिने ठेवला आणि सुकणे, सडणे, कोंब येणे धरून ३० टक्के घट झाली, तर उरतो ७० क्विंटल. १ लाख २० हजारांना ७० ने भागा. १,७१४ रुपये येतात. म्हणजे भाव १,७१४ पर्यंत चढला, तरी तुम्ही जिथल्या तिथे आहात, एक पैसा जास्त मिळाला नाही. शिवाय चाळीची डागडुजी, निवडण्याची मजुरी आणि अडकलेल्या पैशाचे व्याज मिळून १५ हजार धरले, तर हाच आकडा १,९२९ वर जातो. आता भाव १,२०० चा १,७०० झाला ही बातमी आनंदाची की तोट्याची? ज्याने आज विकला त्याच्या मानाने ती तोट्याचीच. पण हे नुसते ऐकून कळत नाही, मांडून पाहावे लागते.

याच्या उलट हेही पाहा. चांगल्या हवेशीर चाळीत आणि नीट वाळवलेल्या कांद्यात घट ३० ऐवजी २० टक्क्यांवर आली, तर तोच १ लाख ३५ हजारांचा आकडा ८० क्विंटलवर वाटला जातो आणि १,६८८ रुपयांतच बरोबरी होते. म्हणजे चाळ सुधारून तुम्ही क्विंटलला सुमारे २४० रुपये मिळवले. त्यासाठी दिल्लीत कोणाला अर्ज करावा लागला नाही. मात्र हा हिशोब उन्हाळ कांद्याचा. डिसेंबरात बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा येत होता आणि तो फार दिवस टिकतच नाही. ‘ठेवावा का?’ हा प्रश्न लाल कांद्याला विचारताच येत नाही. तिथे कारभाऱ्याचे सगळे कौशल्य आधीच्या तयारीत आहे : लागवड टप्प्याटप्प्याने केली का, आणि देशातल्या दूरच्या बाजाराशी आधीपासून बोलणे ठेवले का?

तिसरी गोष्ट, सगळ्यांचा माल एका अंदाजावर लावू नये.

गावात असे संभाषण नेहमी ऐकू येते.

“अण्णा, काय करायचं? काढायचा का ठेवायचा?”

“ठेव रे. दिवाळीला चाळीस जातो बघ.”

“आणि नाही गेला तर?”

“जातोच! मी सांगतो ना.”

अण्णा मनाने चांगला आहे, अनुभवीही आहे. चार वर्षांत तीनदा त्याचा अंदाज बरोबर आला असेल. पण चौथ्या वर्षी चुकला तर त्याचे स्वतःचे तेवढे नुकसान होत नाही. त्याच्याकडे विहीर आहे, मुलगा नोकरीला आहे. ज्याने त्याच्या शब्दावर दोन एकरांचा सगळा कांदा ठेवला, त्याची मात्र मुलीची फी राहते, सोसायटीचे कर्ज थकते. दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलताना कारभाऱ्याने हे विसरता कामा नये.

यावर उपाय जुनाच आहे, आपल्या आज्या तो बियाण्याच्या बाबतीत वापरायच्या. सगळे एका मडक्यात ठेवायचे नाही. मालाचे तीन वाटे करावेत. एक वाटा काढणीनंतर लगेच विकावा. त्यातून मजुरी, खताची उधारी आणि घरखर्च भागावा. दुसरा वाटा मधल्या काळात, आधी ठरवलेला भाव आला की विकावा, आणि तो आला की मग हाव धरू नये. तिसरा वाटा शेवटपर्यंत ठेवावा, ज्याला तो नुकसान सोसून ठेवणे परवडते त्यानेच. अशाने सर्वांत वरचा भाव सगळ्या मालाला कधीच मिळणार नाही, हे खरे. पण सर्वांत खालचा भावही सगळ्या मालाला मिळणार नाही. ज्या वर्षी ऑगस्टात शुल्क बसले, त्या वर्षी पहिले दोन वाटे आधीच विकलेल्या माणसाला रात्री झोप तरी लागली असेल.

गिऱ्हाईकाचेही तसेच. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, आखाती देश हे आपल्या कांद्याचे जुने खरेदीदार. आपला माल बंद झाला की ते उपाशी बसत नाहीत, दुसऱ्याकडे जातात. एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलेले गिऱ्हाईक बोलावल्याबरोबर परत येत नाही. म्हणून एकट्या निर्यातदारावर किंवा एकट्या आडत्यावर संस्था उभी करू नये. थोडा माल निर्यातीला, थोडा मोठ्या शहराच्या बाजाराला, थोडा वाळवून काप किंवा भुकटी करणाऱ्या कारखान्याला. एका ठिकाणी दार लागले तर दुसरे उघडे असावे.

चौथी गोष्ट कर्जाची. इथे कांद्याची बातमी बाजूला ठेवून रिझर्व्ह बँकेची बातमी घेऊ, कारण चाळ, गोदाम, टेम्पो, प्रतवारीचे यंत्र हे सगळे बहुधा कर्जावरच येते.

रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या दिवसांसाठी ज्या दराने पैसा देते, त्याला रेपो दर म्हणतात. मे २०२२ च्या आरंभी हा दर ४ टक्के होता. महागाई आवरण्यासाठी तो वाढवत नेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्के झाला. दोन वर्षे तिथेच राहिला. मग २०२५ साली चार वेळा उतरून डिसेंबरात ५.२५ टक्क्यांवर आला. पीककर्जाचा व्याजदर ठरवण्याची रीत वेगळी आहे. पण व्यवसायाच्या पुष्कळ कर्जांचा दर या ना त्या रीतीने रेपो दराबरोबर खालीवर होतो. तुमच्या करारात काय लिहिले आहे ते बँकेत जाऊन विचारा.

समजा, संस्थेने २०२२ च्या सुरुवातीला बदलत्या दराने १० लाखांचे कर्ज काढले. दर अडीच टक्क्यांनी चढला, तर १० लाखांवर वर्षाला २५ हजार रुपये व्याज जास्त. ज्या संस्थेचा सगळा नफाच ४० हजारांचा आहे, तिचा अर्ध्याहून अधिक नफा यात गेला. यंत्र तेच, माणसे तीच, काम तेवढेच, फक्त मुंबईत एक आकडा बदलला. म्हणून कर्ज काढताना आजच्या दराने हिशोब करू नये. दर आणखी अडीच-तीन टक्के चढला तरी हप्ता जाईल का, हे पाहावे. जाणार नसेल तर यंत्र लहान घ्यावे किंवा वर्षभर थांबावे. आणि दर उतरल्याची बातमी आली की लगेच नवे कर्ज काढायला धावू नये. आधी विचारावे, आपला जुना हप्ता कमी झाला का? नसेल झाला तर का नाही? व्याज वाचले तर ते अडीअडचणीच्या निधीत टाकावे.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची. वाईट बातमी कारभाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, सर्वांच्या देखत, आकड्यांसह सांगावी.

भाव पडला की पुष्कळ चेअरमन सभा पुढे ढकलतात. ‘थोडे थांबू, भाव सुधारला की बोलावू.’ तोवर गावात काय होते? पारावर, टपरीवर, विहिरीवर जो तो आपापला आकडा सांगतो. दहा हजारांचा तोटा पन्नास हजारांचा होतो आणि कोणाच्या तरी खिशात गेलेला असतो! संस्था तोट्याने बुडण्याआधी संशयाने बुडते. एका हंगामाचा तोटा पुढच्या हंगामात भरून काढता येतो. सभासदाने एकदा माल दुसऱ्याकडे नेला, की त्याला परत आणायला वर्षे लागतात.

तेव्हा सभा लवकर बोलवावी. फळ्यावर तीन आकडे लिहावेत : किती माल विकला, काय भावाने विकला, किती शिल्लक आहे. पट्ट्या टेबलावर ठेवाव्यात, ज्याला पाहायच्या त्याने पाहाव्यात. मग पुढे काय करायचे ते सांगावे आणि सभासदांचे ऐकावे. कोणी आवाज चढवला तर चढवू द्यावा, त्याचा कांदा पडून आहे.

याच सभेत आणखी एक काम करावे. निर्णय काय झाला एवढेच इतिवृत्तात लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यासोबत, तो का घेतला, हेही दोन ओळीत लिहावे. ‘आजचा भाव अमुक, शुल्क तमुक, चाळीत घट इतकी, म्हणून एक वाटा विकण्याचे ठरले.’ सहा महिन्यांनी भाव चढला, की शहाणे म्हणणारच, ‘कशाला विकला?’ तेव्हा वही उघडून त्या दिवशी काय ठाऊक होते ते दाखवता येते. आणि आपलाच अंदाज पुन्हा पुन्हा कुठे फसतो, हेही त्या वहीतून कळते. फळ उलटे आले म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, आणि नशिबाने भाव मिळाला म्हणून बेफिकीर निर्णय चांगला ठरत नाही. हा फरक वहीशिवाय दिसत नाही.

शेवटी माणसे बरोबर घेण्याबद्दल. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा करताना विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक धनंजयराव गाडगीळ यांना बरोबर घेतले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असलेले गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. जमीन, ऊस आणि शेतकऱ्यांचा विश्वास विखे पाटलांकडे होता. आकड्यांची आणि कायद्याची जाण गाडगिळांकडे होती. खुर्ची कोणाला मिळते यापेक्षा काम कोणाला येते, हे त्यांनी पाहिले. आज प्रत्येक गावाला गाडगीळ मिळणार नाहीत. पण गावातला एखादा निवृत्त बँक कारकून, वाणिज्य शाखेतली एखादी पदवीधर मुलगी, हिशोबाला पक्का असलेला एखादा गुरुजी मिळतोच मिळतो. त्याला महिन्यातून एकदा सन्मानाने बोलवावे आणि तो नको ते आकडे दाखवू लागला तरी ऐकून घ्यावे.

गुरुजी आणि बाई, तुमच्यासाठीही यात काम आहे. सहावी-सातवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर वर्गात एक तक्ता लावा. चार रकाने करा : तारीख, बातमी, जवळच्या बाजार समितीतला भाव, आपल्या गावात काय झाले. आठवड्यातून एकदा एका मुलाने किंवा मुलीने तो भरायचा. सहामाही परीक्षेपर्यंत वीस-एक ओळी होतील. मग विचारा, बातमी आल्यावर भाव किती दिवसांनी हलला? किती टक्के हलला? बातमी चांगली असून भाव का पडला? ५५० च्या ४० टक्के किती, हे गणित सातवीच्या मुलाला येते. बापाच्या चाळीतला कांदा समोर ठेवून ते सोडवले, तर तो जन्मभर विसरणार नाही. आणि असा तक्ता लावलेल्या वर्गातून दहा-पंधरा वर्षांनी जो चेअरमन निघेल, त्याला मथळा वाचून फसवणे कोणालाही जड जाईल.

तर मंडळी, पुढच्या वेळी शुल्काची, व्याजाची किंवा भावाची बातमी आली की एवढे करा. शेवटची ओळ वाचा. कागदावर हिशोब मांडा. मालाचे वाटे पाडा. कर्जाचा हप्ता चढ्या दराने तपासा. आणि आठ दिवसांच्या आत सभासदांना बोलावून आहे ते सांगा. बातमी चांगली असो की वाईट, क्रम हाच ठेवा. येत्या मार्च-एप्रिलात उन्हाळ कांदा निघेल, तेव्हा कांदा पिकवणाऱ्या प्रत्येक गावात ‘काढायचा का ठेवायचा’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाईलच. त्याआधी एकदा चाळीतल्या घटीचा हिशोब घरातल्या सर्वांनी मिळून करून ठेवा.